मोटारसायकलचा क्लच लिव्हर : हाताचा भार आणि जुळणी

क्लच लिव्हर म्हणजे मोटारसायकलच्या डाव्या मुठीपुढची तरफ. ती दाबली की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातील जोड सुटतो. भारतातील बहुतेक गाड्यांत तेलात भिजलेला, अनेक चकत्यांचा क्लच असतो. स्प्रिंगा या चकत्या एकमेकींवर दाबून धरतात आणि चालकाच्या बोटांना त्या स्प्रिंगांविरुद्ध जोर लावावा लागतो. हा जोर किती लागतो, जोड नेमका कुठे सुटतो हे हाताला कितपत कळते आणि मनगट कोणत्या स्थितीत राहते, या तिन्ही गोष्टींवर लिव्हरची सोय ठरते.

मुंबईत हा विषय केवळ हौशी चालकांचा राहत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), अटल सेतू (२०२४) आणि सागरी किनारा मार्ग या तिन्हींवर दुचाकींना मनाई असल्यामुळे दुचाकीस्वाराच्या वाट्याला सिग्नलचेच रस्ते येतात. कुर्ल्याच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा शीवच्या कोंडीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ‘हाफ क्लच’वर, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून, सरकत राहते. मोकळ्या महामार्गावर जो क्लच जड वाटतही नाही, तोच येथे तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ आणतो.

क्लच जड झाला की लिव्हर बदलण्याकडे कल असतो, पण दोष बहुधा वायरीत असतो. गॅरेजमध्ये जिला ‘क्लच वायर’ म्हणतात ती बोडेन केबल होय. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ मध्ये तिचे ब्रिटिश पेटंट घेतले. आवरणातून सरकणारी तार वळणावर आवरणाला घासते आणि वळणांच्या कोनांची बेरीज जसजशी वाढते तसतसे हे घर्षण नुसते बेरजेने नव्हे, तर पटीने वाढते. घर्षण गुणांक (तार आवरणाला किती घासते याचे माप) ०.१५ आणि एकूण वळण १८० अंश धरले, तर बोटांकडची ओढ इंजिनाकडच्या ओढीच्या सुमारे १.६ पट लागते, गुणांक ०.०८ वर आला तर तीच ओढ १.३ पटीच्या आत येते. म्हणून नवी वायर मूळ वाटेनेच न्यावी. हँडल पूर्ण वळवल्यावर ती कुठे दुमडत किंवा ताणली जात नाही ना, हेही पाहावे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पाणी वरच्या टोकाने आवरणात उतरते व तार गंजते, त्यामुळे पावसाळा सरल्यावर वायर तपासणे हिताचे. आत प्लास्टिकचे अस्तर नसलेल्या वायरीत पातळ तेल सोडावे. अस्तर असलेल्या वायरीसाठी मात्र उत्पादकाची सूचना पाळावी, कारण घट्ट ग्रीसने ती उलट चिकटते. लिव्हरजवळच्या गाठीशी तारेचे पदर सुटू लागले असतील, तर तेलपाणी करण्यात अर्थ नाही, वायर बदलावी. लिव्हर ज्याभोवती फिरतो त्या खिळ्याला मात्र थोडे ग्रीस हवेच, आणि नेमका तोच सर्वांच्या नजरेतून सुटतो.

त्यानंतर जुळणी. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ‘प्ले’, म्हणजे वायर ताणली जाण्यापूर्वीची मोकळी हालचाल, सांगितलेला असतो. तो अजिबात नसेल तर चकत्या पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. फार असेल तर जोड पुरता सुटत नाही, गिअर खटकतात आणि सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. लिव्हरच्या पकडीचा बोल्ट सैल करून कोनही बदलता येतो. नेहमीच्या बैठकीत हाताची बोटे सरळ केली असता मनगट न मुरडता ती लिव्हरवर टेकली पाहिजेत. मनगटाच्या बाबतीत बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरी फारच कडक होत्या : क्लच दाबूनच डावी मूठ फिरवायची आणि त्या फिरण्यातच गिअर टाकायचा.

बाजारात मिळणारे आखूड, दोन बोटांचे लिव्हर दिसायला देखणे असले तरी त्यांचा हिशेब तपासून घ्यावा. बोटे खिळ्यापासून १२० ऐवजी ८० मिलिमीटरवर आली, तर तेवढ्याच कामाला दीडपट जोर लागतो. याउलट तार अडकण्याची जागा खिळ्याजवळ आणली तर लिव्हर हलका होतो, पण तारेची सरक घटते आणि क्लच अर्धवटच सुटतो. हात लहान असेल तर अंतर बदलता येणारा लिव्हर खरोखर उपयोगी पडतो.

असिस्ट-स्लिपर क्लचमध्ये, उदाहरणार्थ २०१८ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत, इंजिनाचा जोर उतरत्या खाचांमुळे चकत्यांना आणखी आवळतो, त्यामुळे मुळातच हलक्या स्प्रिंगा पुरतात. साध्या क्लचमध्ये मात्र केवळ हाताला आराम मिळावा म्हणून कमजोर स्प्रिंगा टाकल्या, तर मागे माणूस बसवून उड्डाणपूल चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही आणि चकत्या जळू लागतात.