‘लोकांना विचारलं की जो तो आपल्या दारापुरतं मागतो’: खुलासा

पालिकेच्या नियोजनाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. ते खरं नाही, आणि ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहरानं ते दाखवून दिलं आहे.

तिथे १९८९ पासून विकासकामांचा पैसा कुठे जावा, हे रहिवासी वस्तीसभांमधून ठरवू लागले. त्यांनी निवडलेले प्रतिनिधी यादी पक्की करण्याआधी बसनं एकमेकांच्या वस्त्यांत जात. पलीकडे काय नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. वाटपाला सूत्रही होतं: लोकसंख्या, सुविधांची कमतरता आणि रहिवाशांनी दिलेला अग्रक्रम. त्यामुळे ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच चलती झाली नाही. पाणी आणि सांडपाण्याची कामं गरीब वस्त्यांपर्यंत पोहोचली.

नळाचा व्यास अभियंत्यानंच ठरवावा, याबद्दल वाद नाही. पण कोणत्या वळणावर पाणी तुंबतं, अंधार पडल्यावर बायका कोणता रस्ता टाळतात, हे नकाशात दिसत नाही.

मग अनेक सुनावण्यांत नुसती भांडणं का होतात? कारण आराखडा आधीच पक्का झालेला असतो. बैठक कामाच्या वेळेत, कागद बोजड भाषेत. अशा वेळी विरोध करण्यापलीकडे लोकांच्या हाती उरतं काय? अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; जितकी वरची पायरी, तितका लोकांच्या हाती जास्त अधिकार. त्यात नुसतं मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे. निर्णयातली भागीदारी सहाव्या पायरीवर सुरू होते.