फाज आणि अँटिबायोटिक: दोघेही जीवाणूच मारतात, पण

अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, म्हणून सर्दीला ते घेऊ नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण जीवाणूंना मारणारे विषाणूही असतात. त्यांना बॅक्टेरिओफाज किंवा नुसतं फाज म्हणतात. मग हेही एक अँटिबायोटिकच समजायचं का? तसं समजलं तर दोघांचंही काम कळणार नाही.

अँटिबायोटिक हे रसायन आहे. ते रक्तातून पसरतं, जीवाणूची भिंत बनू देत नाही किंवा त्याची प्रथिनं अडवतं आणि हळूहळू शरीराबाहेर जातं. म्हणून ठरल्या वेळी पुढचा डोस घ्यावा लागतो. त्यात आतड्यातले उपयोगी जीवाणूही मरतात आणि पोट बिघडतं.

फाज एखाद्याच जातीच्या, बऱ्याचदा तिच्यातल्याही ठरावीक वाणांच्या जीवाणूला चिकटतो. आपलं जनुकद्रव्य आत सोडतो, स्वतःच्या ढीगभर प्रती बनवून घेतो आणि जीवाणू फोडून बाहेर पडतो. भक्ष्य आहे तोवर फाज वाढतात, ते संपलं की ओसरतात. माणसाच्या पेशींना त्यांचा संसर्ग होत नाही.

1896 मध्ये ब्रिटिश जीवाणूशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांना गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जीवाणू मरताना दिसले. याचं श्रेय आज बहुधा फाजना देतात. (म्हणून आजची गंगा न उकळता प्यावी, असं मुळीच नाही.) फाजचा शोध मात्र 1915 ते 1917 दरम्यान लागला.

नेमकेपणा हीच फाजची अडचणही आहे. अँटिबायोटिक अंदाजाने सुरू करता येतं. फाजसाठी रुग्णाचा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्याला मारणारा जोडीदार शोधावा लागतो. जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबलिसीत, हे काम 1923 पासून चालू आहे. पाश्चात्त्य देशांनी पेनिसिलीन हे अँटिबायोटिक आल्यावर फाज-उपचाराकडे पाठ फिरवली. तेव्हाच्या फाज-औषधांचा दर्जा बेभरवशाचा होता हे खरं, तरी ती घाईच झाली असं मला वाटतं.

सगळेच फाज उपयोगाचे नसतात. कॉलऱ्याच्या जीवाणूला विष बनवण्याचं जनुक मिळालं तेही एका फाजकडूनच. त्यामुळे जीवाणूला न फोडता त्यात दडून बसणारे आणि असं जनुक देऊ शकणारे फाज उपचारासाठी टाळतात, फोडणारेच निवडतात. जीवाणू फाजलाही दाद देईनासे होऊ शकतात, म्हणून अनेक फाज एकत्र देतात. 2016 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या संसर्गातून टॉम पॅटरसन हे रुग्ण असेच वाचले आणि त्यांना फाजच्या जोडीला अँटिबायोटिकही दिलं होतं.