आवश्यक रकाना

आवश्यक रकाना : डेटाबेसच्या नोंद-फॉर्ममधील जो रकाना भरल्याखेरीज नोंद साठवली जात नाही, तो.

रिकाम्या जागेचा अर्थ काय लावायचा, हा यातला मूळ वाद. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान, म्हणजे माहिती परस्परसंबंधित टेबलांत मांडण्याची पद्धत, मांडले. ‘नल’ची, म्हणजे मूल्य नसल्याच्या खुणेची, सविस्तर मांडणी सामान्यतः त्यांच्या १९७९ च्या लेखापासून धरतात, बीज मात्र आधीच्या लेखनात दिसते. ‘लागू आहे पण माहीत नाही’ आणि ‘लागूच नाही’ असे दोन प्रकार त्यांनी पुढे मानले. डेटाबेस-लेखक सी. जे. डेट यांना नलच अमान्य. त्याने तर्कव्यवस्था बिघडते, असा त्यांचा आक्षेप आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेने एकच नल ठेवून ‘नॉट नल’ (रकाना रिकामा चालणार नाही) ही अट दिली. कोकण किनाऱ्यावरील मासळीच्या नोंदींपुरते पाहता कॉड यांचे दोन प्रकार अधिक उपयोगी ठरतात.

मालवणकडच्या रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) बिगरयांत्रिक होडीला ‘अश्वशक्ती’ लागूच नसते. तो रकाना आवश्यक ठेवला की ऑपरेटर शून्य टाकून मोकळा होतो. सरासरी काढताना एसक्यूएल नल वगळते, शून्य मात्र धरते. त्यामुळे इंजिनांची सरासरी विनाकारण खाली येते. उलट १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौकेची शून्य आवक हे खरे शून्य असते आणि ते लिहिलेच पाहिजे. म्हणून नौकेचा प्रकार आधी विचारावा, ‘यांत्रिक’ असे उत्तर आले तरच अश्वशक्ती सक्तीची करावी.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस-प्रणालीत टेबलावरची आवश्यक रकान्याची अट मोडल्यास त्रुटी ३३१४ येते. मुख्य फॉर्ममध्ये नौका आणि त्याच्या आतल्या उपफॉर्ममध्ये मासळी असेल, तर उपफॉर्मवर क्लिक करताच मुख्य नोंद साठू लागते. बांगड्याचे वजन टाकण्याआधीच फॉर्म अडतो आणि ऑपरेटर गोंधळतो. यासाठी फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’मध्ये (नोंद साठण्याच्या आधी चालणाऱ्या टप्प्यात) तपासणी करून साठवण रद्द करावी, राहिलेल्या रकान्याचे नाव मराठीत सांगावे व कर्सर तेथे न्यावा. टेबलावरची अट तरीही काढू नये, कारण आयात केलेल्या नोंदी फॉर्ममधून जात नाहीत. रिकामी अक्षरमाला, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, ॲक्सेसमध्ये नलहून वेगळी असते, ऑरॅकल या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीत ती नलच धरली जाते.

वेब फॉर्मसाठी एचटीएमएल ५ या वेबपानांच्या भाषेत (मानक म्हणून शिफारस २०१४) ‘रिक्वायर्ड’ हा गुणधर्म आहे. मजकुराच्या रकान्यात एक स्पेस दिली तरी तो समाधान मानतो, म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासावे लागते. कोकणातील गावात पत्ता वाडीवरून सांगतात. तेथे ‘रस्त्याचे नाव’ ऐच्छिक ठेवून ‘वाडी’ आवश्यक करणे योग्य.