बर्फाविना पेंग्विन

केपटाउनच्या दक्षिणेला सायमन्स टाउनलगत बोल्डर्सचा किनारा आहे. ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या गुळगुळीत शिळा, पांढरी वाळू आणि भर उन्हात वाळूवर उभे असलेले पेंग्विन. मुलांना घेऊन इथे आलात, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बर्फ कुठे आहे?

आफ्रिकन पेंग्विनला बर्फ लागतच नाही. त्याला हवं असतं थंड आणि माशांनी भरलेलं पाणी. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने बेंग्वेला हा थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो. वाऱ्यामुळे तिथे खोल समुद्रातलं पोषक पाणी वर येतं, त्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिजीव, माजतात आणि प्लवकांमागे सार्डिन, अँकोव्हीचे थवे येतात. मुंबईत राणीच्या बागेत काचेपलीकडे दिसणारे हम्बोल्ट पेंग्विन याचेच जवळचे नातलग. तेही मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या अशाच थंड प्रवाहातले.

थंड पाण्यासाठी घडलेलं शरीर उन्हात तापतं, आणि खरी गंमत इथे सुरू होते. पेंग्विनच्या डोळ्यांवरचा गुलाबी पट्टा नीट पाहा. तिथे पिसं नसतात. अंग तापलं की तिकडे जास्त रक्त धावतं, उष्णता बाहेर पडते आणि पट्टा गडद होतो. सकाळी पाहिलेला पक्षी दुपारी पुन्हा पाहायला मुलांना जरूर सांगा. काही पक्षी फाटक्या उशीसारखे दिसले, तर ते आजारी आहेत असं समजू नका. वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसं एकदम टाकतो. नवी येईपर्यंत साधारण तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे खाणंही नाही. त्याआधी भरपूर मासे खाऊन त्याने अंगात चरबी साठवलेली असते.

घरट्यांची गोष्ट मात्र मन कष्टी करणारी आहे. पूर्वी बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर असत. त्यात बीळ करून पेंग्विन सावलीत अंडी उबवायचे. खतासाठी माणसाने ते थर खरवडून नेले. अंडीही वर्षानुवर्षं गोळा करून खाल्ली गेली. आता अनेक जोड्यांना झुडपाखाली किंवा उघड्यावर घरटं करावं लागतं आणि उष्मा असह्य झाला की आईबाप अंडी सोडून पाण्याकडे जातात. म्हणून बऱ्याच ठिकाणी कृत्रिम घरटी ठेवलेली आहेत. बोल्डर्सची वसाहत त्या मानाने अलीकडची. १९८० च्या दशकात इथे अवघ्या दोन जोड्यांपासून सुरुवात झाली.

तरीही सगळ्यात मोठं संकट समुद्रात आहे. प्लवकांनी समृद्ध थंड पाणी म्हणजे मासे, हे गणित पेंग्विनच्या पिल्लांच्या अंगातच असतं. एकट्याने पहिल्यांदा समुद्रात गेलेली पिल्लं त्याच खुणा धरून दूरवर पोहतात. हजारो वर्षं ते गणित बरोबर येत होतं. पण बेसुमार मासेमारीने आणि बदलत्या हवामानाने मासे तिथून कमी झाले, काही पूर्वेकडे सरकले. पाण्याच्या खुणा तशाच राहिल्या. उपग्रहाने माग काढलेल्या पिल्लांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की पिल्लं अगदी अचूकपणे उपासमारीच्या जागी पोचतात. त्यांची चूक काहीच नाही, हे वाचताना फार लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पक्षी दहा लाखांहून अधिक असावेत असा अंदाज आहे. आज वीण करणाऱ्या जोड्या १०,००० हून कमी उरल्या आहेत. २०२४ मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्यात आली.

पिल्लं वाढवणाऱ्या आईबापांना घरट्यापासून फार दूर जाता येत नाही. वसाहतीजवळचेच मासे मोठ्या जाळ्यांनी उचलले, की पिल्लू उपाशी राहतं. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवती सार्डिन-अँकोव्हीच्या व्यापारी मासेमारीला मनाई करणारा आदेश दिला, ही मला खरोखर मोठी गोष्ट वाटते. नेल्सन मंडेला जिथे कैदेत होते ते रॉबेन बेटही या सहांत आहे. केपटाउनला जाणारी बरीच कुटुंबं ते पाहायला बोटीने जातातच. तिथल्या किनाऱ्यावरही पेंग्विन शोधा. आणि बोल्डर्सहून निघताना गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. सावलीसाठी ते गाडीखालीही येऊन बसतात.