रात्री साडेनऊला वीज तोडण्याचा मेसेज खोटाच

‘बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार.’ असा मेसेज आला की मालवण-वेंगुर्ल्याच्या खानावळवाल्यांना आधी फ्रीजरमधली सुरमई आठवते. पण थकबाकी असली तरी अशी वीज तोडता येत नाही. वीज कायदा 2003, कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते.

‘ओटीपी दिला नाही की पैसे सुरक्षित’ हा समज तर जास्तच घातक. मेसेजमधल्या नंबरवर फोन केला की ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणत भामटे एनीडेस्कसारखं, स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात. मग तुमची स्क्रीन, येणाऱ्या ओटीपीसकट, त्यांना दिसते.

फोन ठेवा. महावितरणच्या अ‍ॅपमध्ये 12 अंकी ग्राहक क्रमांक स्वतः टाकून थकबाकी बघा. अ‍ॅप टाकून बसला असाल तर आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. गल्ल्यावर बसणाऱ्या पोरालाही हे आजच सांगा.