खायचा सोडा की धुण्याचा सोडा? दिसायला सारखे, पण कपड्यावर कामं वेगळी

आमच्याकडे इंदूरला रविवार सकाळ म्हणजे पोहे-जिलेबी, आणि पोहे आले की कुणाच्या तरी कपड्यावर डाग आलाच. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या पांढऱ्या सुती कुडत्यावर, बरोब्बर पुढे छातीवर घास सांडला, तेल हळद वरून जीरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला) सगळं एकदमच. सासूबाई तेव्हा राजेंद्रनगरला नणंदेकडे होत्या, त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "अगं सोडा लाव आणि ठेव अर्धा तास." मी ओट्यावरच्या डबीतला खायचा सोडा घेतला, पाण्यात कालवून लावला, अर्धा तास ठेवला, धुतला, आणि तेलाचा ठसा जसाच्या तसा. संध्याकाळी पुन्हा फोन केला तर म्हणाल्या, "खायचा कशाला लावलास बाई, मी धुण्याचा म्हणत होते."

बरं, इथवर नुकसान काहीच नव्हतं. खरं नुकसान पुढच्या महिन्यात झालं, कारण आता मला वाटायला लागलं होतं की धुण्याचा सोडा म्हणजे जोरदार आणि खायचा म्हणजे त्याचाच लेचापेचा भाऊ, म्हणून आईच्या महेश्वरीच्या पदराला तेल लागलं तेव्हा मी सरळ धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून पदर बुडवला. महेश्वरीत उभा धागा बहुतेक वेळा रेशमाचा असतो आणि आडवा सुताचा. तेल निघालं, पण वाळल्यावर तेवढाच भाग मंद दिसायला लागला, हाताला कोरडा खरखरीत, आणि बाकीची साडी मऊ चकचकीत. ती चमक परत येत नाही. म्हणून हे सगळं नीट सांगावंसं वाटतंय, दोन्ही सोडे आपल्या घरात असतात आणि दोन्हींना आपण नुसतं "सोडा" म्हणतो.

आधी नावांचा घोळ. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ढोकळ्यात भज्यात घालतो तो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. इथल्या किराणा दुकानात हिंदीत मागायचं तर पहिल्याला "मीठा सोडा" म्हणतात आणि आपलं मराठी डोकं "मीठा" ऐकलं की मिठाकडे जातं, पण तो हिंदीतला मीठा, म्हणजे गोड. सियागंजच्या किराणा बाजारात किंवा कॉलनीतल्या दुकानात नुसतं "सोडा दे दो" म्हटलं तर काय हातात येईल ते दुकानदाराच्या अंदाजावर, त्यामुळे खाने का की कपडे धोने का हे स्पष्ट सांगायचं.

दोघं नातेवाईक आहेत हे मात्र खरं. खायचा सोडा कोरडा तापवला की त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो, १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम. सॉल्वे पद्धतीच्या कारखान्यात तर होतंच असं, बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वेने १८६१ मध्ये ही पद्धत काढली. मिठाचं पाणी, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यातून आधी बायकार्बोनेट खाली बसतं आणि ते भाजून कार्बोनेट करतात. म्हणजे फरक आचेचा, पण त्या एका आचेने स्वभाव पार बदलतो. पाणी किती आम्लारी किंवा क्षारी ते सांगणारा आकडा म्हणजे पीएच, खायच्या सोड्याच्या पाण्याचा तो साधारण ८.३, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर. आकड्यात तीनचाच फरक वाटतो ना, पण पीएचचं प्रत्येक पाऊल दहा पटीचं असतं, तीन पावलं म्हणजे हजार पट. माझं चुकलं ते इथेच, मी दोघांना कमी तिखट आणि जास्त तिखट समजले, पण खायचा सोडा कितीही ओतला तरी त्याचं पाणी धुण्याच्या सोड्याइतकं क्षारी होतच नाही. दुप्पट घातला तर तळाशी पांढरं साचतं, बस.

आता ओळखायचे कसे, कारण पुडीवरचं लेबल फाटतं आणि डबे बदलतात. चव बघायची नाही, हे पहिलं. बरेच जण म्हणतात लिंबू पिळून बघा, फेस आला तर खायचा. हे चूक आहे, फेस दोघांनाही येतो. खायचा सोडा मैद्यासारखा बारीक आणि मऊ असतो, धुण्याचा जरा रवाळ किंवा खड्यांचा, पण खड्यांवरही भरवसा नको, उघडे राहिले की त्यांतलं पाणी उडून वरून पांढरी भुकटी धरते आणि ती दिसायला खायच्या सोड्यासारखीच. माझी पद्धत सांगते. दोन वाट्यांत चमचा चमचा पाणी घ्या, दोन्हीत हळदीची चिमूट टाका, मग एकीत एक सोडा, दुसरीत दुसरा. धुण्याच्या सोड्याची वाटी टाकताक्षणी कुंकू कालवल्यासारखी लालभडक होते, खायच्या सोड्याची नारिंगी-तपकिरीकडे झुकते, तितकी लाल होत नाही. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर शंकाच राहत नाही. वाटी नंतर नीट धुवा. आणि बोटांना धुण्याच्या सोड्याचं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं, ते तुमच्या कातडीवरचं तेल सुटतंय म्हणून, तर फार वेळ हात घालून बसू नका, हातमोजे घाला.

मग कपड्याला कधी कोणता.

तेल, तूप, शर्टाच्या कॉलरचा काळा पट्टा, स्वयंपाकघरातली फडकी, हे सगळं धुण्याच्या सोड्याचं. क्षार चरबीला फोडतो, घामाच्या चिकटपणातल्या आम्लांचा तर थोडा साबणच होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. १० लिटरच्या बादलीत चांगलं कोमट पाणी, दोन मोठे चमचे सोड्याची पावडर, आधी पूर्ण विरघळवून मग कपडा, अर्धा ते पाऊण तास, नंतर नेहमीची पावडर लावून धुवायचं आणि दोनदा तरी खळबळून काढायचं. खडे वापरत असाल तर वजनाने अडीच-तीन पट लागतात कारण खड्याचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. फक्त सुती कपडे, आणि पांढरे किंवा पक्क्या रंगाचे. रंगाची खात्री नसेल तर आतल्या शिवणीवर थेंबभर लावून बघा आधी.

आणि आपल्या इंदूरकरांना धुण्याचा सोडा लागतो त्याचं आणखी एक कारण आहे ते म्हणजे बोअरचं पाणी. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपाने वर चढवून येतं, १९७८ पासून येतंय, पण आमच्या कॉलनीत ते एक दिवसाआड, मधल्या दिवशी मशीनला बोअरच. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात साबणाचा फेस मरतो, पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून त्याची चिकट राखाडी साय करतं आणि ती कपड्यावर बसते, पांढरे कपडे म्हणूनच हळूहळू मळकट दिसायला लागतात, त्यात डाग नसतो काही, ती सायच असते. धुण्याचा सोडा आधी घातला की कॅल्शियम त्याच्याशी जुळून खाली बसतं आणि साबण कामाला मोकळा राहतो. हे काम खायच्या सोड्याला धड जमत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कपड्याच्या पावडरींत धुण्याचा सोडा आधीच असतो, त्यामुळे रोज वेगळा घालायची गरज नाही, बोअरच्या दिवशी आणि पांढऱ्यांना घाला.

खायचा सोडा मग कशाला? वासाला. खरंच, त्यात तो फार चांगला आहे. घामाचा आंबूस वास, मोज्यांचा वास, डब्याच्या पिशवीत दही सांडून राहिलेला वास, हे वास बहुतेक आम्लांचे असतात आणि खायचा सोडा त्यांना शांत करतो, कपड्याला न दुखवता. अर्धी वाटी सोडा बादलीभर गार पाण्यात, रात्रभर कपडा, सकाळी धुवा. शिवाय तो पाण्यात पटकन पूर्ण विरघळत नाही, बारीक कण राहतात, म्हणून बुटाच्या कॅनव्हासवर किंवा पिशवीच्या पट्ट्यावर हलकं घासायला बरा पडतो. पण डाग "काढतो" म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात सोड्यावर व्हिनेगर ओततात, फसफस होते, बघायला छान वाटतं, आणि तिथेच दोघं एकमेकांना खाऊन संपवतात. उरतं ते जवळपास नुसतं मीठपाणी, म्हणजे सोडियम अॅसिटेटचं. फेस जो दिसतो तो गॅसचा, साबणाचा नाही. व्हिनेगर वापरायचंच असेल तर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात दोन चमचे घाला, कपड्यात राहिलेला क्षार जातो, ते चांगलं.

हळद मात्र दोघांचीही नाही, आणि घाबरगुंडी उडते ती इथेच. पिवळ्या डागाला साबण किंवा सोडा लागला की तो लाल होतो, धुण्याच्या सोड्याने तर रक्तासारखा, आणि माणूस समजतो डाग पक्का झाला, मग घासत सुटतो. काही पक्कं झालेलं नसतं. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल दिसतं आणि आम्लात परत पिवळं. साध्या पाण्याने भरपूर धुवा, लिंबाचे दोन थेंब पाण्यात टाकून लावा, लाल परत पिवळं होईल डोळ्यांदेखत. आणि मग ते पिवळं घालवायचं काम उन्हाचं, कर्क्युमिन उजेडात तुटतं, त्याला दुसरं औषध शोधू नका. म्हणजे पोह्याचा डाग हा एक डाग नाही, दोन आहेत एकावर एक, तेल धुण्याच्या सोड्याने जाणार आणि हळद उन्हाने, आणि आधी तेल.

चहाचं उलट आहे. चहातलं टॅनिन क्षारात आणखी गडद होतं, म्हणून चहाच्या ताज्या डागाला कुठलाच सोडा लावू नका, आधी गार पाणी भरपूर, दुधाचा अंश निघून जाऊ द्या, मग पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर किंवा लिंबू, मग साबण. लोखंडाच्या गंजालाही सोड्याने काही होत नाही, तिथे लिंबू-मीठ. रक्ताला गार पाणी, गरम अजिबात नाही.

रेशीम आणि लोकर यांना धुण्याचा सोडा लावायचाच नाही, अगदी थोडाही नाही. ते धागे प्रथिनांचे असतात आणि क्षार प्रथिनांना खातो, चमक जाते, धागा कमजोर होतो. महेश्वरी, चंदेरी, पैठणी, शालू, सगळ्यांना हेच. तेल सांडलं तर लगेच टाल्कम पावडर भुरभुरून तासभर ठेवा, हलकेच झटका, आणि राहिलंच तर ड्रायक्लीनवाल्याकडे न्या, त्याला सांगा की तेल आहे, किती दिवसांचं आहे. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा टबातही धुण्याचा सोडा भिजवू नका, भांडं काळं पडतं आणि झिजतं, प्लास्टिकची बादली किंवा स्टील घ्या.

आणि कॉस्टिक सोडा हा तिसराच, तुंबलेल्या मोरीत टाकतात तो. तो कपड्याला नाही, हाताला तर नाहीच, कातडी भाजते. तो या दोघांच्या शेजारी ठेवायचाच नाही, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात. धुण्याचा सोडाही पोटात गेला तर तोंड-घसा भाजतो, म्हणून तो स्वयंपाकघरात नकोच, मशीनजवळ, मोठ्या अक्षरात "कपडे" लिहिलेल्या डब्यात. आमच्याकडे सासूबाईंनी परत आल्याबरोबर पहिलं काम हेच केलं, चष्मा लावून दोन्ही डब्यांवर लाल मार्करने लिहिलं, आणि कपड्याच्या डब्याला सुतळी बांधली, अंधारात हात लागला तरी कळावं म्हणून.

भाच्याच्या कुडत्याला मग त्यांनी स्वतः धुण्याच्या सोड्यात भिजवलं. पाऊण तासाने बाहेर काढला तेव्हा तेलाचा ठसा गेला होता आणि त्याच जागी लाल भोपळ्याएवढा वाटावा असा लालभडक डाग, भाचा रडकुंडीला आलेला. "थांब रे, काय घाबरून राहिलास," म्हणून त्यांनी तो दोनदा खळबळला, लिंबाचं पाणी लावलं, पिवळा झाला. मग ओलाच गच्चीवर दोरीवर, डाग उन्हाकडे करून. दुपारी वाळला की पुन्हा पाणी शिंपडायचं, असं त्यांनी तीन दिवस केलं. पहिल्या संध्याकाळी लिंबाच्या सालीसारखा पिवळा, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी कुडता उजेडाकडे धरून मी डाग शोधत होते आणि मला सापडत नव्हता.