आत्मविश्वास आला की करिअर ठरवू?

‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग करिअरचं बघू’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. त्यामागचा समज असा की आत्मविश्वास हा स्वभावाचा भाग आहे. काहींकडे असतो, काहींकडे नसतो. हे खरं नाही, आणि या समजापायी अनेक मुलं नुसती वाट पाहत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाची संकल्पना मांडली. ‘हे विशिष्ट काम मला जमेल’ असा तो विश्वास. गणितात तो भक्कम असेल, तर मुलाखतीत डळमळीतही असू शकतो. पुढे 1983 मध्ये टेलर आणि बेट्झ या संशोधकांनी करिअरच्या निर्णयाबाबतचा असा विश्वास मोजणारी चाचणी तयार केली. त्यात ‘तुम्ही धीट आहात का?’ असं विचारलेलं नाही. स्वतःला ओळखणं, व्यवसायांची माहिती काढणं, ध्येय निवडणं, आखणी करणं, अडचण आली तर वाट काढणं ही कामं कितपत जमतील, एवढंच त्यात विचारलं आहे. म्हणजे सगळी शिकता येण्याजोगी कामं!

बांडुरांच्या मते या विश्वासाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे स्वतः काम करून मिळालेलं यश. आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणंही उपयोगी पडतं. कोरड्या प्रोत्साहनाचा परिणाम मात्र लवकर ओसरतो. म्हणून चांगला समुपदेशक पाठ थोपटून थांबत नाही. त्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाशी बोलून यायला सांगतो, आठवडाभर एखादं छोटं काम करून बघायला लावतो आणि मग पुन्हा भेटतो.